मीटअपसाठी पुणंच कशाला?

पुण्यातली पायथॉनवाली मंडळी महिन्यातून एकदा जमतात, एकमेकांना कोड दाखवतात, चुका काढून घेतात. तुम्ही म्हणाल, आपल्या हिंगोलीत कोण जमणार? अरे, औंढ्याजवळ दुधाळ्याला ‘लायगो-इंडिया’ उभं राहतंय! 2023 मध्ये केंद्राने त्यासाठी 2,600 कोटी मंजूर केले. गुरुत्वीय लहरी शोधणारं बरंचसं सॉफ्टवेअर पायथॉनमध्येच आहे आणि अमेरिकेतल्या लायगोचा डेटा कुणालाही फुकट मिळतो. 14 सप्टेंबर 2015 ला टिपलेल्या पहिल्या लहरीचासुद्धा! पहिल्या भेटीत फक्त तिचा आलेख काढा. दोन लॅपटॉप आणि कॉलेजचा एक रिकामा वर्ग पुरे. वसमत, कळमनुरी, सेनगावचे दोघं-तिघं आले तरी चालेल. मात्र पुढची तारीख तिथून उठायच्या आधीच ठरवा. खरं गाडं तिथेच अडतं.