सांगाडा भंगारातला, आच्छादन मात्र नवं

हरितगृह म्हटलं की एकरभर पसरलेलं पॉलिहाऊस, अनुदानाचे अर्ज आणि बँकेचं कर्ज डोळ्यांपुढे येतं. परसात दहा बाय सहा फुटांचं हरितगृह उभारायला यातलं काहीच लागत नाही. भंगारातले जीआय पाइप, पाडलेल्या इमारतीच्या खिडक्या, मांडवाचे बांबू एवढ्यावर काम भागतं. फक्त डोक्यातल्या काही समजुती आधी काढून टाकायला हव्यात.

सगळ्यात चिवट समजूत अशी, की काच उष्णता कोंडून ठेवते, म्हणून हरितगृह तापतं. 1909 साली रॉबर्ट वुड या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञानं दोन पेट्या उन्हात ठेवल्या. एकीवर काच होती, दुसरीवर सैंधवाचा पारदर्शक पत्रा. काच उष्णतेच्या अवरक्त लहरी अडवते, सैंधव त्या सोडून देतो. तरी दोन्ही पेट्या जवळजवळ सारख्याच तापल्या! काचेचा थोडा हातभार असतो, पण मुख्य कारण साधं आहे: तापलेल्या हवेला वर निघून जायला वाट नसते. साध्या पॉलिथिनमधूनही अवरक्त लहरी बऱ्याच निसटतात, आणि तरीही पॉलिहाऊस तापतंच. तेव्हा काचेचा हट्ट नको. आपल्याकडे अडचण ऊब मिळवण्याची नाही, ती बाहेर घालवण्याची आहे. उघडता येणारी जागा जमिनीच्या क्षेत्रफळाच्या निदान पंधरा-वीस टक्के ठेवावी, म्हणजे आपल्या साठ चौरस फुटांना नऊ ते बारा चौरस फूट. त्यातली निम्मी तरी आढ्याशी. विदर्भातल्या मे महिन्यात हेही पुरत नाही. तिथे प्लास्टिक सरळ उतरवून पन्नास टक्क्यांची शेडनेट लावलेली बरी.

ऊब खरोखर लागते ती निफाडसारख्या ठिकाणी, थंडीच्या लाटेत. त्यासाठी हीटर नको. काळा रंग दिलेलं, पाण्यानं भरलेलं 200 लिटरचं पिंप उन्हात तापून रात्री 10 अंशांनी निवलं, तर सव्वादोन युनिट विजेइतकी उष्णता देतं. पिंप रसायनांचं नसावं, एवढं पाहा.

‘जुनं सगळंच चालतं’ ही दुसरी समजूत. पाइप, बांबू, दारं चालतात. आच्छादनात काटकसर करू नये. हार्डवेअरच्या दुकानातलं साधं पारदर्शक प्लास्टिक एका उन्हाळ्यात कडकडीत होऊन फाटतं. अतिनील किरणांना टिकणारा 200 मायक्रॉनचा कागद महाग वाटला तरी काही वर्षं चालतो. तोही पीव्हीसी पाइपला थेट घासू देऊ नका; त्या स्पर्शानं कागद लवकर खराब होतो. मध्ये जुन्या कापडाची पट्टी गुंडाळावी. आणि साहेबांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स? ते छपरावर घातले तर रोपं अंधारात लांबुळकी होतात. खाली अंथरले तर तण मात्र छान दबतं. साहेबांचा एवढा उपयोग करून घ्यायला हरकत नाही.

जुन्या खिडक्यांबद्दल दोन गोष्टी. साधी काच डोक्यावर नको. गारपिटीत तिचे सुरे होतात. ती बाजूंना बसवावी. शिवाय घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची सक्तीची मर्यादा आपल्याकडे 2017 च्या अखेरीस लागू झाली. त्याआधीचा रंग घासून काढला तर शिशाची धूळ भाजीच्या मातीत जाऊ शकते. रंगाचे पोपडे निघत असतील तर ती चौकट घेऊच नये.

हलकं हरितगृह आपल्या वजनानं उभं राहील, हाही भ्रमच. वळवाच्या वाऱ्यात ते छत्रीसारखं उचललं जातं. खांब दीड-दोन फूट गाडून कागदाच्या कडा चरात पुराव्यात.

राहिली जाळी. किडी आत आल्या नाहीत की पीक दुप्पट, असं म्हणतात. पण त्या जाळीनं मधमाश्याही बाहेर राहतात. टोमॅटो-मिरचीचं झाड फुलोऱ्यात हलकेच हलवलं की फळ धरतं. काकडी, दोडका यांना नर फूल तोडून मादी फुलावर टेकवावं लागतं: काकडीचं सकाळी, दोडक्याचं संध्याकाळी, कारण त्यांची फुलं त्या-त्या वेळी उमलतात.