आयर्लंडच्या राष्ट्रीय जीवनातील १९१८ हे वर्ष : अमलात न आलेल्या एका कायद्याचे परिणाम

प्रस्तावना

आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्याचा विचार करताना १९१६ च्या ईस्टर उठावाकडे अभ्यासकांचे लक्ष स्वाभाविकपणे अधिक जाते. महाराष्ट्राला या लढ्याची ओळख मुख्यतः ‘होमरूल’ या शब्दामुळे आहे. लोकमान्य टिळकांनी एप्रिल १९१६ मध्ये बेळगाव येथे स्थापन केलेल्या होमरूल लीगचे नाव आयरिश चळवळीवरूनच आले होते. तथापि, खुद्द आयर्लंडमध्ये होमरूलची मागणी मागे पडून स्वतंत्र प्रजासत्ताकाची मागणी पुढे आली, ती निर्णायकपणे १९१८ या वर्षात. या परिवर्तनात सक्तीच्या लष्करभरतीच्या कायद्याचा वाटा फार मोठा होता. हा कायदा आयर्लंडमध्ये एक दिवसही अमलात आला नाही, हे विशेष. प्रस्तुत लेखात या घटनाक्रमाचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

पार्श्वभूमी

आयर्लंडला मर्यादित स्वराज्य देणारा होमरूल कायदा सप्टेंबर १९१४ मध्ये संमत झाला. परंतु महायुद्धामुळे त्याची अंमलबजावणी स्थगित ठेवण्यात आली. आयरिश पार्लमेंटरी पक्षाचे नेते जॉन रेडमंड यांनी युद्धात ब्रिटनला साहाय्य करण्याचे आवाहन केले. युद्धकाळात सुमारे २ लाख आयरिश पुरुषांनी ब्रिटिश सैन्यात सेवा केली. ब्रिटनमध्ये जानेवारी १९१६ मध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा झाला, तेव्हा आयर्लंडला त्यातून वगळण्यात आले होते.

ईस्टर उठावाच्या नेत्यांना देहदंड दिल्यामुळे सिन फेन पक्षाविषयी सहानुभूती वाढली होती, हे खरे. परंतु त्या पक्षाचा विजय अटळ होता, असे म्हणता येत नाही. १९१८ च्या आरंभी दक्षिण आर्मा, वॉटरफोर्ड आणि पूर्व टायरोन या तिन्ही पोटनिवडणुकांत सिन फेनचा पराभव होऊन आयरिश पार्लमेंटरी पक्षाचे उमेदवार निवडून आले. दि. ६ मार्च रोजी रेडमंड यांचे निधन झाले व पक्षाचे नेतृत्व जॉन डिलन यांच्याकडे आले.

कायदा आणि प्रतिकार

दि. २१ मार्च १९१८ रोजी जर्मनीने पश्चिम आघाडीवर प्रचंड आक्रमण केले. त्यात १६ व्या आयरिश डिव्हिजनची मोठी हानी झाली. मनुष्यबळाच्या टंचाईमुळे पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी ९ एप्रिल रोजी नवे विधेयक मांडले आणि सक्तीची भरती आयर्लंडला लागू करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. विधेयक संमत होताच डिलन व त्यांचे सहकारी सभागृह सोडून आयर्लंडला परतले. ब्रिटिश संसदेत बसून आयर्लंडचे हित साधता येते, या त्यांच्या भूमिकेचा पायाच त्यामुळे खचला.

दि. १८ एप्रिल रोजी डब्लिनच्या महापौरांनी मॅन्शन हाऊस येथे परिषद बोलाविली. डिलन, इमॉन डी व्हॅलेरा, आर्थर ग्रिफिथ व कामगार चळवळीचे प्रतिनिधी असे परस्परविरोधी नेते तेथे एकत्र आले. कॅथलिक बिशपांनीही त्याच दिवशी या प्रतिकारास मान्यता दिली. रविवार, दि. २१ एप्रिल रोजी चर्चच्या दारांशी लक्षावधी लोकांनी प्रतिज्ञापत्रावर स्वाक्षऱ्या केल्या. दि. २३ एप्रिल रोजी सार्वत्रिक संप होऊन रेल्वे, कारखाने व दुकाने बंद राहिली. भरती झालेल्या पुरुषांच्या जागी आपण नोकरी पत्करणार नाही, अशी प्रतिज्ञा ९ जून रोजी स्त्रियांनी घेतली.

मात्र हे ऐक्य संपूर्ण देशाचे नव्हते. युनियनवाद्यांचे प्राबल्य असलेल्या बेलफास्टमध्ये संप यशस्वी झाला नाही. राष्ट्रीय ऐक्याच्या याच क्षणी भावी फाळणीची रेषाही स्पष्ट दिसू लागली होती.

दडपशाही आणि युद्धाची अखेर

जर्मनीशी कट केल्याच्या आरोपावरून १७ मेच्या रात्री डी व्हॅलेरा, ग्रिफिथ यांच्यासह सिन फेनच्या अनेक नेत्यांना अटक करण्यात आली. कटाचा विश्वासार्ह पुरावा मात्र सरकारला देता आला नाही. परिणामी पक्षाची लोकप्रियता वाढली आणि जूनमध्ये तुरुंगात असतानाच ग्रिफिथ पूर्व कॅव्हनमधून निवडून आले.

वर्षाच्या उत्तरार्धात इन्फ्लुएन्झाच्या साथीने हजारो बळी घेतले. दि. १० ऑक्टोबर रोजी ‘लेन्स्टर’ ही प्रवासी बोट जर्मन पाणबुडीने बुडविली व ५०० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. सक्तीची भरती प्रत्यक्षात येण्यापूर्वीच ११ नोव्हेंबरला युद्ध थांबले.

निवडणूक व तिचा अर्थ

दि. १४ डिसेंबर रोजी सार्वत्रिक निवडणूक झाली. नव्या कायद्याने ३० वर्षांवरील अनेक स्त्रियांना प्रथमच मताधिकार मिळाला होता. आयर्लंडमधील मतदारसंख्या सुमारे ७ लाखांवरून १९ लाखांपर्यंत वाढली होती. एकूण १०५ जागांपैकी सिन फेनला ७३, युनियनवाद्यांना २६ व आयरिश पार्लमेंटरी पक्षाला अवघ्या ६ जागा मिळाल्या. स्वतः डिलन पूर्व मेयोमध्ये डी व्हॅलेरांकडून पराभूत झाले. तुरुंगात असलेल्या कॉन्स्टन्स मार्कीविच ब्रिटिश संसदेवर निवडून आलेल्या पहिल्या महिला ठरल्या. पक्षाच्या धोरणानुसार त्यांनी ती जागा स्वीकारली नाही.

या आकड्यांचा अर्थ लावताना सावधगिरी आवश्यक आहे. सिन फेनचे २५ उमेदवार बिनविरोध निवडून आले, कामगार पक्षाने निवडणूक लढविली नाही आणि जिथे मतदान झाले तिथे सिन फेनला निम्म्याहून किंचित कमी मते मिळाली.

समारोप

दि. २१ जानेवारी १९१९ रोजी सिन फेनच्या प्रतिनिधींनी डब्लिनमध्ये स्वतःची संसद, ‘डॉल एरन’, स्थापन केली. अवघ्या नऊ महिन्यांपूर्वी हाच पक्ष पोटनिवडणुका हरत होता. वरील विवेचनावरून असे दिसून येते की, शासनाची अधिमान्यता केवळ प्रत्यक्ष दडपशाहीने नष्ट होते असे नाही. प्रजेची संमती न घेता तिच्या प्राणांवर हक्क सांगण्याचा नुसता इरादाही त्यास पुरेसा ठरतो. युद्धावरून परतणाऱ्या आयरिश सैनिकांना याची सर्वाधिक झळ बसली. ज्या होमरूलच्या आशेने त्यांच्यातील अनेकजण स्वेच्छेने रणांगणावर गेले होते, ती आशा ते परत येईपर्यंत त्यांच्या देशाने मागे टाकली होती.