फ्लेटनर रोटर : मालवाहू जहाजांवरील पवनशक्तीचे तंत्र आणि अर्थकारण

प्रस्तावना :

जागतिक व्यापारातील मालापैकी आकारमानाने ८० टक्क्यांहून अधिक माल समुद्रमार्गे जातो. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या २०२० च्या अहवालानुसार, २०१८ मध्ये मानवनिर्मित हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात जहाजवाहतुकीचा वाटा २.८९ टक्के होता. हे प्रमाण कमी करण्यासाठी जे उपाय पुढे आले, त्यांत वाऱ्याचा पुनर्वापर हा एक होय. शीड म्हटले की आपल्यासमोर कोकणकिनाऱ्यावरील गलबत उभे राहते. परंतु येथे ज्याचा विचार करावयाचा आहे त्या साधनात कापडही नाही आणि दोरखंडही नाही. डेकवर उभा केलेला व विजेच्या मोटरने स्वतःभोवती फिरणारा पोकळ दंडगोल, एवढेच त्याचे स्वरूप. हे साधन शंभर वर्षांपूर्वीच समुद्रावर यशस्वी ठरले होते. असे असता ते लुप्त का झाले आणि आज परत का आले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रोटरचे कार्य :

फिरत्या वस्तूवर वारा आला असता वाऱ्याच्या दिशेशी काटकोनात बल निर्माण होते, हे जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिश गुस्ताव मॅग्नस यांनी १८५२ मध्ये प्रयोगाने दाखविले. दंडगोलाचा जो पृष्ठभाग वाऱ्याच्या दिशेने फिरतो त्या बाजूस हवेचा वेग वाढतो व दाब घटतो. विरुद्ध बाजूस वेग मंदावतो व दाब वाढतो. दाबातील या फरकामुळे दंडगोल कमी दाबाच्या बाजूकडे ओढला जातो. फिरकी गोलंदाजाचा चेंडू टप्पा पडण्यापूर्वीच हवेत बाजूला सरकतो, त्यामागेही हेच कारण आहे. म्हणून जहाजाच्या कुशीवर वारा येत असेल तर रोटर जहाजाला पुढे ओढतो. वारा दुसऱ्या कुशीवर आला की फिरण्याची दिशा उलटी करावयाची. समोरून येणाऱ्या वाऱ्याचा मात्र उपयोग नाही, उलट अडथळाच होतो.

येथे एक गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते. जहाज जितके वेगाने जाते, तितका त्याला जाणवणारा वारा समोरून येऊ लागतो. त्यामुळे वेगवान कंटेनर जहाजांपेक्षा संथ चालणाऱ्या टँकर व खनिजवाहू जहाजांना रोटर अधिक लाभतो. शिवाय कंटेनर जहाजाच्या डेकवर जागा तरी कोठे असते?

'बुकाऊ'चा अनुभव :

जर्मन अभियंते अँटन फ्लेटनर यांनी १९२४ मध्ये कील येथे 'बुकाऊ' या शिडाच्या जहाजावर सुमारे १५ मीटर उंचीचे दोन रोटर बसविले. फेब्रुवारी १९२५ मध्ये हे जहाज लाकूड घेऊन डान्झिगहून स्कॉटलंडला गेले. १९२६ मध्ये 'बाडेन-बाडेन' या नव्या नावाने ते अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कला पोहोचले. त्याच वर्षी तीन रोटरचे 'बार्बारा' हे जहाज तयार झाले. यंत्र चालत होते. परंतु खनिज तेल स्वस्त होते आणि डिझेल इंजिनाला वाऱ्याची वाट पाहावी लागत नव्हती. रोटरचा पराभव समुद्रावर झाला नाही, तो हिशेबाच्या वहीत झाला, असे म्हणावे लागेल.

सांप्रतची स्थिती :

२०१८ मध्ये 'मेर्स्क पेलिकन' या टँकरवर ३० मीटर उंचीचे दोन रोटर बसविण्यात आले. वर्षभराच्या नोंदींतून इंधनात ८.२ टक्के बचत झाल्याचे लॉइड्स रजिस्टरने पडताळले. २०२१ मध्ये 'सी झौशान' या प्रचंड लोहखनिजवाहू जहाजावर पाच रोटर आले. ते आडवे करता येतात, कारण बंदरात माल चढविताना उभ्या खांबांची अडचण होते. दुसरीकडे फिनलंड-स्वीडन मार्गावरील 'व्हायकिंग ग्रेस' या प्रवासी जहाजावर २०१८ मध्ये बसविलेला रोटर २०२१ मध्ये उतरविण्यात आला. हा मार्ग बेटांच्या दाटीतून वळणे घेत जातो. एका जहाजाची टक्केवारी दुसऱ्याला लावणे त्यामुळेच धोक्याचे ठरते. बचत रोटरइतकीच मार्गावर अवलंबून असते.

आठ टक्के बचत किरकोळ वाटेल. परंतु हरित मिथेनॉलसारखी स्वच्छ इंधने आजच्या इंधनापेक्षा कितीतरी महाग आहेत, आणि महाग इंधनाच्या प्रत्येक वाचलेल्या टनाचे मोलही तितकेच अधिक. वारा या इंधनांचा प्रतिस्पर्धी नसून पूरक आहे.

खर्च कोणी करावयाचा?

प्रस्तुत लेखकाच्या मते खरी अडचण अभियांत्रिकीची नसून कराराची आहे. जहाज ठराविक मुदतीच्या भाडेकरारावर दिले असता इंधनाचा खर्च भाडेकरू करतो, तर रोटर बसविण्याचा खर्च मालकाच्या माथी येतो. वीजबिल भाडेकरू भरत असताना घरमालकाने स्वखर्चाने सौरपट्ट्या का बसवाव्यात, तसाच हा प्रश्न आहे. भाडेदरात बचतीचा वाटा मालकाला मिळाला तरच तो सुटू शकतो.

उत्सर्जनाला किंमत लावणे हा दुसरा मार्ग. युरोपीय संघाने २०२४ पासून आपल्या उत्सर्जन-व्यापार व्यवस्थेत जहाजांचा समावेश केला. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०२३ मध्ये २०५० च्या सुमारास निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट स्वीकारले. परंतु त्यासाठीच्या जागतिक शुल्कव्यवस्थेवरील निर्णय ऑक्टोबर २०२५ च्या बैठकीत एक वर्ष पुढे ढकलण्यात आला. मालवाहू जहाजाचे आयुष्य साधारणतः पंचवीस वर्षांचे असते. या काळात ज्या जहाजांची मागणी नोंदविली जाईल, त्यांपैकी अनेक जहाजे २०५० मध्येही समुद्रावर असतील.