हुकूम वरून येतो, अर्थ कारखान्यात लागतो

पेणच्या कासार आळीत काय किंवा हमरापूर-जोहे पट्ट्यात काय, गणपती घडतो त्या जागेला कारखाना म्हणतात. कधी तो घराच्या पडवीत असतो, कधी पत्र्याच्या शेडमध्ये. चतुर्थी भाद्रपदातली, पण इथलं काम जवळपास वर्षभर चालतं. रबरी साच्यात प्लास्टर ओतायचं, मजबुतीसाठी काथ्या घालायचा, थोड्याच वेळात घट्ट झालेली मूर्ती साच्यातून सोडवायची, पॉलिश पेपरने घासायची, पांढरा हात द्यायचा, मग रंगकाम आणि शेवटी डोळ्यांची आखणी. पेणचं नाव झालं ते या आखणीमुळे. शाडूचं काम निराळं. माती साच्यात हाताने दाबून बसवावी लागते, मूर्ती सुकायला दिवस लागतात आणि प्रवासात तिला जिवापाड जपावं लागतं. परदेशी जाणाऱ्या मूर्ती तर चतुर्थीच्या कितीतरी महिने आधीच कंटेनरमध्ये चढलेल्या असतात.

मे 2020 मध्ये, टाळेबंदी चालू असताना, या कारखान्यांपर्यंत एक बातमी पोहोचली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 12 मे रोजी मूर्ती विसर्जनाची सुधारित मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली होती आणि त्यांत प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना मनाई होती. शेडमध्ये तोवर हजारो मूर्ती तयार उभ्या होत्या. दहा दिवसांनी, 22 मे रोजी, तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांनी ही मनाई वर्षभर पुढे ढकलल्याचं जाहीर केलं. हायसं वाटतंय तोच राज्य सरकारने करोनामुळे मूर्तींच्या उंचीवर मर्यादा घातली: सार्वजनिक मंडळांसाठी चार फूट, घरच्या गणपतीसाठी दोन फूट. आधीच घडवून ठेवलेल्या मोठ्या मूर्तींचं काय करायचं, हे कोणत्याच कागदात लिहिलेलं नव्हतं.

घटना घडली म्हणजे तिचा अर्थ कळला असं होत नाही. मनाईची एकच ओळ कारखान्याच्या मालकाला कर्जाच्या हप्त्यांची भाषा वाटते, रंगकाम करणाऱ्या बाईला पुढच्या महिन्याच्या मजुरीची, घाऊक व्यापाऱ्याला घेतलेल्या आगाऊ रकमेची. शाडूचं काम धरून राहिलेल्या मूर्तिकाराला त्याच ओळीत आपल्या कष्टांची दखल दिसते. मुंबई उच्च न्यायालयातल्या प्लास्टरविरोधी याचिकेत शाडूचे काही मूर्तिकारही सामील होते, ते यामुळेच. मग माणसं एकमेकांना विचारू लागतात. घडवायला मनाई आहे की विकायला? की फक्त नदीत सोडायला? घरातला गणपतीही यात आला का? अशा फोनांतून, व्हॉट्सअॅपवरच्या कात्रणांतून, संघटनेच्या बैठकीतून एक समजूत तयार होते आणि त्या समजुतीवर उद्या किती गोणी प्लास्टर उतरवायचं ते ठरतं.

मिशिगन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ कार्ल वाइक यांनी आयुष्यभर याच गोष्टीचा अभ्यास केला. त्यांचं सांगणं असं, की संस्थेतली माणसं आधी सगळं समजून घेऊन मग वागतात हे खरं नाही. ती काहीतरी करतात, त्याबद्दल बोलतात, आणि बोलता बोलता काय घडतंय याचा उलगडा होत जातो. 1993 मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या एका वणव्यावर लेख लिहिला. 5 ऑगस्ट 1949 रोजी मॅन गल्च या दरीत विमानातून उतरलेलं अग्निशामक पथक वणवा विझवायला निघालं. उद्या सकाळी दहापर्यंत आटोक्यात येईल अशीच ही आग आहे, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. आग उलटून अंगावर आली तेव्हा पथकप्रमुख वॅग डॉज यांनी समोरचं गवत स्वतःच पेटवलं आणि जळून गेलेल्या जागेत आडवे होऊन बाकीच्यांना तिथे बोलावलं. प्रमुख हे काय करतोय, ते कोणालाच उमगलं नाही. सगळे पळत सुटले. तेराजण गेले, डॉज आणि आणखी दोघे वाचले.

डॉज यांची युक्ती बरोबर होती. पण ती समजावी इतका संवाद त्या पथकात आधी झालेलाच नव्हता, यावर वाइक यांनी बोट ठेवलं. पेणला जे भोगावं लागलं त्याच्याकडे या दृष्टीने पाहायला हवं. नदी-समुद्र स्वच्छ राहावेत हा हेतू चांगलाच आहे. पण ज्यांच्या हातांनी तो पार पडायचा, त्या कारखान्यांशी बोलणं झालं ते फार उशिरा आणि तुकड्या-तुकड्यांनी.

2025 साली तर याचा कळस झाला. 30 जानेवारीला उच्च न्यायालयाने नियमांची काटेकोर अंमलबजावणी करायला सांगितलं. माघी गणेशोत्सव दोन दिवसांवर होता. कांदिवलीच्या चारकोपचा राजा विसर्जनाविना अडकला आणि त्याचं विसर्जन थेट ऑगस्टमध्ये झालं. पेणमध्ये हे सगळे ऐकत होते, पाहत होते. संघटनांनी मेळावे घेतले, निवेदनं दिली, न्यायालयाचं दार ठोठावलं. राज्य सरकारने डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाकडे अभ्यास सोपवला. 9 जूनला न्यायालयाने मूर्ती घडवायला आणि विकायला मोकळीक दिली; नैसर्गिक पाण्यात विसर्जन मात्र परवानगीशिवाय नाही. 24 जुलैला आणखी स्पष्ट झालं, की सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावातच, त्याहून मोठ्या मूर्तींना मार्च 2026 पर्यंत नैसर्गिक पाण्याची मुभा. चतुर्थी होती 27 ऑगस्टला.

म्हणजे जानेवारी ते जून या काळात पेणच्या साच्यांत पडलेली प्लास्टरची प्रत्येक बादली कोणीतरी स्वतः लावलेल्या अर्थाच्या भरवशावर पडली. ज्याने थांबायचं ठरवलं त्याचा हंगाम बुडण्याचा धोका, ज्याने चालू ठेवलं त्याचा माल पडून राहण्याचा. हा जुगार कारागिरांवर लादला गेला आणि तो टाळता आला असता.

असा जुगार टाळायची सोय कशी करता येते, ते जवळच पाहायला मिळतं. पेणहून रेल्वेने पुढे गेलं की नागोठणं लागतं आणि मग रोहा. मध्य रेल्वेची हद्द इथे संपते, कोकण रेल्वे इथून सुरू होते. या मार्गावर पावसाळ्यात रोज रात्री एक प्रश्न असतो: पडतोय तो नेहमीचा पाऊस आहे की दरड आणणारा? 22 जून 2003 रोजी वैभववाडीजवळ दरडीमुळे झालेल्या अपघातात पन्नासहून अधिक माणसं दगावली. पुढच्याच जूनमध्ये पेणच्याच रायगड जिल्ह्यातल्या करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस रुळांवर आलेल्या दगडांमुळे घसरली. पावसाचा अर्थ वेळीच लावणं किती महत्त्वाचं आहे, हे या दोन अपघातांनी फार मोठी किंमत घेऊन शिकवलं.

आज माणगावसह नऊ स्थानकांवर पर्जन्यमापक आहेत. काळ, सावित्री आणि वाशिष्ठी नद्यांच्या पुलांवर पुराची सूचना देणारी यंत्रणा आहे. पावसाळ्यात सहाशेहून अधिक कर्मचारी गस्तीला असतात. पण सगळ्यांत मोलाची सोय दिसायला अगदी साधी आहे. रुळालगत साधारण दर किलोमीटरला आपत्कालीन संपर्काचं सॉकेट बसवलेलं आहे. गस्तीवाला त्यात आपला फोन जोडतो आणि थेट स्टेशन मास्तरशी किंवा नियंत्रण कक्षाशी बोलतो. कटिंगमधून येणारं पाणी गढूळ झालंय, खडी सरकलीय, दगड सुटल्याचा आवाज आला, हे त्याला त्या अंधारात, त्या क्षणी सांगता येतं. मुसळधार पावसात दिसेनासं झालं, तर गाडीचा वेग ताशी 40 किलोमीटरवर आणण्याच्या सूचना चालकांना दिलेल्या आहेत. संस्थेच्या उतरंडीत गस्तीवाला तळाशी असेल, पण पावसाचा अर्थ लावण्यात पहिला शब्द त्याचा असतो.

पेणच्या कारखान्यांना असं सॉकेट कोणी दिलेलं नाही. साचा कधी भरला जातो, काथ्या कधी घातला जातो, कंटेनर कधी निघतो, शाडूकडे वळायचं तर सुकवायला जागा किती लागेल, हे इथल्या माणसांना तोंडपाठ आहे. नियम ठरवताना ते कोणी वेळेवर विचारलं असतं तर 30 जानेवारीनंतरची परवड झाली नसती.

म्हणून राज्याच्या पर्यावरण विभागाला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला एक विनंती. विसर्जनाचं यापुढचं प्रत्येक धोरण नवा हंगाम सुरू होण्याआधी, दिवाळीच्या सुमारास जाहीर करा. आणि जाहीर करण्यापूर्वी हमरापूरला, जोह्याला, कासार आळीत येऊन कारखान्यांत बसून ते समजावून सांगा, आखणी करणाऱ्यांचं आणि घासकाम करणाऱ्या बायकांचंही ऐकून घ्या.