अशासकीय विधेयक

अशासकीय विधेयक : मंत्री नसलेल्या विधिमंडळ-सदस्याने स्वतःच्या जबाबदारीवर मांडलेला कायद्याचा मसुदा. यासच खासगी सदस्याचे विधेयक असेही म्हणतात. येथे ‘खासगी’ हा शब्द पक्षवाचक नाही. सत्तारूढ पक्षाचा सदस्यही, तो मंत्री नसेल तर, संसदीय परिभाषेत खासगी सदस्यच ठरतो. मंत्र्याने मांडलेल्या विधेयकास शासकीय विधेयक म्हणतात. त्याच्यामागे मंत्रिमंडळाचा सामुदायिक निर्णय आणि बहुधा सभागृहातील बहुमत उभे असते. अशासकीय विधेयकास हा आधार मिळेलच असे नाही.

कार्यपद्धती : लोकसभेत सामान्यतः शुक्रवारच्या बैठकीचे अखेरचे अडीच तास खासगी सदस्यांच्या कामकाजासाठी राखून ठेवलेले असतात. एका शुक्रवारी विधेयके, तर दुसऱ्या शुक्रवारी ठराव विचारात घेतले जातात. विधेयकाची पूर्वसूचना एक महिना आधी द्यावी लागते. संविधानात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडण्यापूर्वी सभागृहाची एक समिती त्याची छाननी करते.

यापुढील टप्पे शासकीय विधेयकाप्रमाणेच असतात. सभागृहाच्या अनुमतीने विधेयक पुरःस्थापित होणे, म्हणजे प्रथमच सभागृहापुढे येणे, हे पहिले वाचन होय. दुसऱ्या वाचनात प्रथम त्यातील तत्त्वांवर चर्चा होते. आवश्यकतेनुसार ते प्रवर समितीकडे किंवा दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे सोपविले जाते आणि नंतर प्रत्येक कलमाचा विचार होतो. तिसऱ्या वाचनात संपूर्ण विधेयक मतास टाकले जाते. एका सभागृहाने संमत केलेले विधेयक दुसऱ्या सभागृहाकडे आणि शेवटी राष्ट्रपतींच्या अनुमतीसाठी जाते. साध्या विधेयकास उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांचे बहुमत पुरते. संविधान-दुरुस्तीस मात्र प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांपैकी किमान दोन-तृतीयांश सदस्यांची मते लागतात. लोकसभा विसर्जित झाली की तिच्यापुढे प्रलंबित असलेली विधेयके व्यपगत होतात, म्हणजे आपोआप संपुष्टात येतात.

अनेक अशासकीय विधेयके चर्चेलाही येत नाहीत. जी येतात, त्यांपैकी बरीच संबंधित मंत्र्याच्या आश्वासनानंतर मागे घेतली जातात. १९५२ नंतर केवळ १४ अशासकीय विधेयकांचे कायद्यांत रूपांतर झाले असून त्यांतील शेवटचे १९७० मध्ये संमत झाले. संसदेच्या कामकाजाचा खरा वृत्तांत प्रसिद्ध करणाऱ्या वृत्तपत्रांना संरक्षण देणारा १९५६ चा कायदा फिरोझ गांधी यांच्या अशा विधेयकातून झाला. तो आणीबाणीच्या काळात रद्द करण्यात आला. १९७७ मध्ये त्याच हेतूचा नवा कायदा करण्यात आला.

नाथ पै विधेयक : संमत न होताही दूरगामी ठरलेले अशासकीय विधेयक कोकणच्या प्रतिनिधीने मांडले होते. वेंगुर्ले येथे जन्मलेले बॅरिस्टर नाथ पै (१९२२–७१) हे १९५७, १९६२ व १९६७ च्या निवडणुकांत राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. प्रजासमाजवादी पक्षाचे सदस्य असल्याने त्यांचे स्थान विरोधी बाकांवर होते. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्यात सहा विरुद्ध पाच अशा मतांनी निर्णय दिला, की मूलभूत हक्कांचा संकोच करणारी संविधान-दुरुस्ती संसदेस यापुढे करता येणार नाही. त्यानंतर एप्रिल १९६७ मध्ये नाथ पै यांनी अनुच्छेद ३६८ मध्ये बदल सुचविणारे विधेयक मांडले. संविधानातील कोणत्याही तरतुदीत दुरुस्ती करण्याचा संसदेचा अधिकार निःसंदिग्ध करणे, हा त्याचा हेतू होता.

प्रश्न केवळ तांत्रिक नव्हता. लोकांनी निवडलेल्या संसदेस संविधान बदलता येत नसेल, तर सामाजिक सुधारणेचा सनदशीर मार्गच खुंटेल, असे एका पक्षाचे म्हणणे होते. उलट, नागरिकांचे हक्क एखाद्या काळच्या बहुमताच्या हाती सोपविले तर ते हक्कच उरणार नाहीत, अशी दुसऱ्या पक्षास भीती होती. विधेयक संयुक्त समितीकडे गेले व लोकसभेत त्यावर चर्चा झाली. तथापि अंतिम निर्णय होण्यापूर्वीच २७ डिसेंबर १९७० रोजी लोकसभा विसर्जित होऊन ते व्यपगत झाले. १८ जानेवारी १९७१ रोजी नाथ पै यांचे निधन झाले.

त्याच वर्षी शासनाने मांडलेल्या चोविसाव्या संविधान-दुरुस्तीने संसदेचा हा अधिकार स्पष्ट शब्दांत नमूद केला. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरविली. मात्र संविधानाची मूलभूत संरचना संसदेस बदलता येणार नाही, अशी मर्यादाही घातली. अशा रीतीने दोन्ही बाजूंच्या भूमिकांना निकालात अंशतः स्थान मिळाले.

महत्त्व : संमत झालेल्या विधेयकांच्या संख्येवरून या साधनाचे मूल्यमापन करणे योग्य ठरत नाही. मंत्रिमंडळाने हाती न घेतलेला प्रश्न सभागृहापुढे आणणे, त्यावर शासनास भूमिका घेण्यास लावणे आणि भावी कायद्याची पूर्वतयारी करणे, ही त्याची प्रमुख कार्ये होत. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांविषयी तिरुची शिवा यांचे विधेयक २०१५ मध्ये राज्यसभेने संमत केले. ते लोकसभेत संमत झाले नाही. परंतु पुढे २०१९ मध्ये शासनाने या विषयावर स्वतःचा कायदा केला. त्याची कलमे मूळ विधेयकापेक्षा बरीच वेगळी आहेत. प्रश्न एकाने मांडावा आणि कायद्याचे अंतिम स्वरूप दुसऱ्याने ठरवावे, ही या साधनाची मर्यादाही यावरून दिसून येते.