कंपाउंडर: बाटली गेली, काम उरले

एकाच कामाला दोन वाटा कशा फुटल्या, याचा पाऊणशे वर्षांचा मागोवा भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात नीट घेता येतो. रेल्वेच्या आरोग्यसेवेत औषध देणारा फार्मासिस्ट झाला, मलमपट्टी करणारा ड्रेसर; दोघांना पद आणि वेतनश्रेणी मिळाली. खासगी दवाखान्यात हीच कामे करणारा मात्र कंपाउंडरच राहिला. फरक कामात नव्हता, नोंदीत होता.

1948च्या फार्मसी कायद्याने औषध तयार करून देणे हे नोंदणीकृत माणसाचे काम ठरवले. त्या वेळच्या कंपाउंडरांना त्याने वाऱ्यावर सोडले नाही. औषधे बनवण्याचा पाच वर्षांचा अनुभव असलेल्यांनाही पहिल्या नोंदवहीत जागा दिली. मात्र स्वतःच्या रुग्णांना औषध देण्याची डॉक्टरांची मुभा 42व्या कलमात कायम राहिली आणि तिच्याच आडोशाने दवाखान्यातला बिननोंदीचा मदतनीस टिकला. पुढे तयार गोळ्या आल्या. मिक्स्चरची बाटली आणि तिच्यावरची डोसाच्या खाचा कापलेली कागदी पट्टी गेली. ज्या कामावरून नाव पडले तेच संपले. तरी केसपेपर काढणे, जखम धुणे आणि डॉक्टरांचे दोन शब्द रुग्णाच्या बोलीत, लेवा गणबोलीत किंवा अहिराणीत, उलगडून सांगणे उरलेच. गोळी जेवणाआधी की नंतर, हे रुग्णाला उमगले नाही तर अचूक निदानही वाया जाते. म्हणून हे काम किरकोळ नाही.

अशा मदतनीसाने अप्रशिक्षित हातांनी सुई टोचणे धोक्याचे, हा आक्षेप रास्तच आहे. पण त्यावरचा उपाय प्रशिक्षण आणि कामाची स्पष्ट मर्यादा हा आहे. हा माणूस दिसतच नाही असे वागल्याने धोका टळत नाही. प्रशिक्षित माणसाला पगार जास्त द्यावा लागेल, छोट्या डॉक्टरला तो झेपणार नाही, हेही खरे. म्हणून शिक्षणाचा खर्च सरकारने उचलावा. 2021च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याने डॉक्टरांच्या सहायकाला व्यवसाय म्हणून स्थान दिले, पण किमान दोन वर्षांचा, 2000 तासांचा अभ्यासक्रम घातला. रोजच्या मिळकतीवर घर चालवणारा मदतनीस तो कसा करणार? काम सांभाळून टप्प्याटप्प्याने शिकायची सोय हवी आणि अनुभव परीक्षा घेऊन मोजायला हवा. अनुभवाला किंमत देणे 1948 साली शक्य झाले होते. आज ते अशक्य म्हणता येणार नाही.