बोट कॅन्सल!

माणशी पंचवीस हजारांत अंदमान होतं का? होतं की! फक्त समुद्राच्या मनात असलं पाहिजे.

प्रत्येक ग्रुपमध्ये एक हिशोबवाला असतो. चहाचे आठ रुपये कोणी दिले हे ज्याला सहा महिन्यांनी पण आठवतं, तो. आमचा हिशोबवाला या बाबतीत इतका सीरियस आहे की त्याचं नावच 'एक्सेल' पडलंय. २०१९ च्या गणपतीत आम्ही चौघं कॉलेजच्या जुन्या कट्ट्यावर भेटलो आणि अंदमानचा विषय निघाला, तेव्हा कटिंग संपायच्या आत त्याने लॅपटॉप उघडून आकडा जाहीर केला. माणशी पंचवीस हजार, विमानासकट, सात दिवस. टूर कंपनी नको, पॅकेज नको, पाठीवर सॅक आणि पायात फ्लोटर्स. "जमतंय ना सगळ्यांना?" असं त्याने विचारलं खरं, पण ते 'जमतंयच' अशा सुरात. सगळ्यांनी माना डोलावल्या. बारक्यानेही डोलावली.

बारक्या म्हणजे सहा फूट एक इंच, वजन विचारू नका. नाव कसं पडलं ते तुमच्या लक्षात आलंच असेल. चौथी माझी रूममेट, जिला आम्ही तिच्या नोकरीमुळे 'एचआर' म्हणतो.

भाऊबीजेचं ताट आटपून आम्ही दुसऱ्या दिवशी निघालो, मुंबई-चेन्नई-पोर्ट ब्लेअर. एक खुलासा आधीच करते. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ पासून श्री विजय पुरम आहे, आणि हॅवलॉक व नील ही बेटं डिसेंबर २०१८ मध्येच स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप झाली होती. पण आम्ही गेलो तेव्हा जेट्टीवरचे हमाल, बोटवाले, रिक्षावाले सगळे जुनीच नावं घेत होते. माझ्याही तोंडात तीच बसली आहेत, सांभाळून घ्या.

मराठी माणूस पोर्ट ब्लेअरला उतरला की पहिली धाव सेल्युलर जेलकडे. आम्हीही गेलो. सावरकरांच्या कोठडीकडे जाणाऱ्या जिन्यावर सांगलीच्या एका टूर ग्रुपमधल्या आजी दम खात उभ्या होत्या. वय पंचाहत्तरच्या पुढे, नऊवारी, पायात स्पोर्ट्स शूज. "बाळा, एवढी पिशवी धरतोस का?" म्हणून त्यांनी बारक्याला पकडला. पिशवी धरून तो त्यांच्या पायरीने पायरी चढला आणि पुढचा तासभर आम्हाला दिसलाच नाही. आजी हे प्रकरण पुढे परत येणार आहे, लक्षात ठेवा.

नंबरांचं बेट

हॅवलॉकला जायला दोन मार्ग. खासगी बोट, म्हणजे एसी, बंद काचा, गाणी, दीड तास. नाहीतर सरकारी बोट, अडीच तासांच्या आसपास, भाडं निम्म्याहून कमी, आणि डेकवर उभं राहून वारा खायची मुभा. एक्सेलने अर्थातच सरकारी निवडली. तिकिटासाठी सकाळी फिनिक्स बे जेट्टीच्या खिडकीवर रांग लावायची. त्या रांगेतच निम्मी ओळख होते: गवंडीकामाला निघालेले, बाजार करून परत चाललेल्या बायका, आणि आपल्यासारखे सॅकवाले.

हॅवलॉकवर किनाऱ्यांना नंबर आहेत. तीन, पाच, सात. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना पन्नासच्या दशकात इथे जमिनी देऊन वसवलं गेलं. त्यांच्या गावांची नावं गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर. त्यामुळे बजेटवाल्यांची चैन अशी, की बाजारात शिरलं की कुठल्याही टपरीवर गरम माछ-भात मिळतो. आम्ही पाच नंबरच्या बाजूला बांबूच्या दोन झोपड्या घेतल्या, आठशे रुपयांना एक. मच्छरदाणीला भोकं फुकट.

सात नंबर म्हणजे राधानगर. 'टाइम' मासिकाने २००४ मध्ये ज्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं होतं, तो. रिक्षावाले भरपूर सांगतात, आम्ही बसने गेलो. वाळू पिठासारखी, मागे उंचच उंच झाडांचं जंगल. सूर्य मात्र पाचच्या आसपासच बुडाला, कारण हे बेट पार पूर्वेला आणि घड्याळ आपलंच. संध्याकाळी सहाला मिट्ट काळोख. ऑफिसमध्ये या वेळेला आपला तिसरा चहा होतो! एलिफंट बीचलाही बोटीचे पैसे वाचवून जंगलातून चालत गेलो. चिखल गुडघ्यापर्यंत, पण शेवटच्या वळणावर झाडी संपते आणि एकदम निळंशार पाणी दिसतं, तेव्हा माणूस चपला विसरतो. एचआरची एक खरंच चिखलात राहिली.

आणि मग स्कूबा. माणशी साडेचार हजार. एक्सेलच्या शीटमध्ये त्याची रांग आधीपासूनच होती. बारक्या म्हणाला, "मला नको यार, पाण्याची भीती वाटते." आम्ही हसलो. अरे, हा माणूस कॉलेजच्या स्विमिंग टीममध्ये होता! पण तो किनाऱ्यावर बसला, आमचे कपडे सांभाळत. त्या दिवशी दुपारी जेवलाही नाही. पोट ठीक नाही म्हणाला. आम्ही त्याला इलेक्ट्राल दिलं आणि मासे खाल्ले.

बाराटांगच्या गुहा मात्र आम्ही ठरवून सोडल्या. तिकडचा रस्ता जारवांच्या राखीव जंगलातून जातो, गाड्या ताफ्याने सोडतात, थांबायला आणि फोटोला बंदी आहे. तरीही जारवा दिसतील म्हणून काचेला नाक लावून बसणारे लोक आम्हाला रांगेत भेटले होते. आपल्याला नाही जमलं ते.

मासीचं घर

नील हे हॅवलॉकचं धाकटं भावंड. सायकल भाड्याने घ्या, अर्ध्या दिवसात बेट पालथं. सीतापूरला सूर्योदय, लक्ष्मणपूरला सूर्यास्त, ओहोटीला उघडी पडणारी खडकाची नैसर्गिक कमान, आणि बाकी सगळीकडे भाजीचे वाफे. आम्ही उतरलो एका बंगाली मासीकडे. भेंडीच्या शेतामागे दोन खोल्या, न्हाणीघर बाहेर. शेजारच्या खोल्यांत केरळचे दोन इंजिनियर आणि चार महिने एकटी फिरणारी एक पोलिश मुलगी. पहिल्या दिवशी हाय-हॅलो, एवढंच.

४ नोव्हेंबरला दुपारच्या बोटीने पोर्ट ब्लेअर आणि ५ ला सकाळी घरचं विमान, असा प्लॅन होता. जेट्टीवर पोचलो तर दार बंद. बोट कॅन्सल! व्हिएतनामवर धडकलेल्या 'मातमो' वादळाचे अवशेष जमीन ओलांडून अंदमानच्या समुद्रात उतरले होते. तेच पुढे बंगालच्या उपसागरात वाढून 'बुलबुल' झालं आणि ९ नोव्हेंबरला सुंदरबनाच्या किनाऱ्यावर आदळलं. पण हे सगळं आम्हाला घरी आल्यावर कळलं. तिथे एवढंच समजत होतं की समुद्र काळा पडलाय, आणि मासी शांतपणे भेंडी तोडतेय. "दोन दिन, तीन दिन," ती म्हणाली. "२०१६ में तो नेवी आया था." खरंच आलं होतं. त्या डिसेंबरमध्ये हॅवलॉकवर शेकडो पर्यटक अडकले आणि नौदलाच्या जहाजांनी त्यांना काढलं.

मोबाइलला रेंज नाही म्हणजे नाहीच. जेट्टीजवळच्या एका दगडावर उभं राहिलं की दोन काड्या यायच्या. त्या दगडावर रांग. एचआरने तिथून बॉसला फोन लावला, एक्सेलने एअरलाइनला. बॉस म्हणाला बघू, एअरलाइनने तेवढंही म्हटलं नाही. एटीएममध्ये खडखडाट. चौघांत मिळून उरले होते दोन हजार तीनशे रुपये.

आणि त्याच रांगेत मागून आवाज आला, "अरे बाळा, तू इथे?" आजी! त्यांचा ग्रुपही नीलवरच अडकला होता.

पुढचे दोन दिवस मी विसरणार नाही. केरळच्या मुलांनी कोळ्याकडून उधारीवर मासे आणले, मासीने खिचुरी टाकली. लाइट गेलेले, पत्र्यावर पाऊस धडधडतोय, आणि आजींनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. दिवाळीचा फराळ! चकल्या, शंकरपाळे, तळाशी बेसनाचे तीन लाडू. "घरनं निघताना सून म्हणाली कशाला ओझं नेताय," असं सांगत त्यांनी एकेका लाडवाचे चार-चार तुकडे केले. त्या पोलिश मुलीला त्यांनी मेंढीकोट शिकवला. भाषा एकीची सांगलीची, दुसरीची वॉर्साची, पण चौथ्या डावाला ती मुलगी आजींवरच कोट करून मोकळी. आजींनी तिची पाठ थोपटली आणि पुढच्या डावापासून तिला आपल्या बाजूला घेतलं.

लाल आकडा

६ तारखेला ऊन पडलं, बोटी सुटल्या. पोर्ट ब्लेअरच्या एका स्वस्त लॉजमध्ये एक्सेलने लॅपटॉप उघडला. नवीन तिकिटं, माणशी तेरा हजार. "ओके, क्रेडिट कार्डवर मारू, नंतर स्प्लिट करू."

"मी जहाजाने येतो," बारक्या म्हणाला. "चेन्नईपर्यंत. परवा एक सुटतंय. ती केरळची पोरं पण तिकडूनच जाणारेत."

"तीन दिवस लागतील रे! ऑफिसचं काय?"

तो खिडकीबाहेर बघत होता. "ऑफिस नाहीये. ऑगस्टपासून."

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा. ऑगस्टमध्ये त्याच्या कंपनीने त्याची अख्खी टीम काढली होती. घरी माहीत नाही, आम्हाला माहीत नाही. रोज सकाळी डबा घेऊन निघायचा आणि लायब्ररीत बसायचा. गणपतीत कट्ट्यावर मान डोलावली तेव्हाही त्याची नोकरी नव्हती. ट्रिपचे पैसे त्याने एफडी मोडून भरले होते. का? तर "नाही म्हटलं असतं तर तुम्ही कारण विचारलं असतं."

एचआर रडायला लागली. सगळ्यात जास्त तिलाच लागलं असावं, तिचं तर रोजचं कामच ते. एक्सेल म्हणाला, "अरे गाढवा, तुझं तिकीट आम्ही काढतो, त्यात काय!" तो चांगल्याच मनाने म्हणाला, पण म्हणताना त्याचा हात कीबोर्डवर होता. बारक्याने लॅपटॉप हळूच बंद केला. "तुझ्या शीटमध्ये माझ्या नावापुढे लाल आकडा नको यार."

मग मी विचारलं, दुसऱ्या कोणाला सांगितलं होतंस का? म्हणाला, "आजींना. जेलमध्ये. त्यांनी विचारलं, काय करतोस बाळा, आणि मला खोटं बोलताच आलं नाही."

हे मला आजही टोचतं. दहा वर्षांची मैत्री, एका खोलीत झोपलो, एका ताटात जेवलो. आणि त्याने खरं सांगितलं ते अर्ध्या तासापूर्वी भेटलेल्या बाईंना. आम्ही त्याला बजेट सांगितलं होतं. त्याचं काय चाललंय हे आमच्यापैकी एकानेही विचारलं नव्हतं.

आम्ही तिघं ७ तारखेला विमानाने परतलो. मी पण. त्याच्यासोबत जहाजाने जायला हवं होतं असं विमानात वाटलं, पण सोमवारी प्रेझेंटेशन होतं, तेव्हा नुसत्या वाटण्याला काही अर्थ नाही. तो बंक क्लासमध्ये तीन रात्री काढून चेन्नईला उतरला आणि तिथून त्याने पहिला फोन घरी केला. बाबांना सगळं सांगून टाकलं. "समुद्रात रेंज नसते ना, विचार करायला वेळ मिळतो," एवढंच म्हणाला.

तुम्ही जाणार असाल तर थोडं ऐका. ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आली, तेव्हापासून अंदमानचं नेटवर्क खूप सुधारलंय. तरी रोख पैसे जवळ ठेवाच. परतीच्या विमानाआधीच्या निदान दोन रात्री पोर्ट ब्लेअरमध्ये काढा, छोट्या बेटावर नाही. आमची मोठी चूक तीच. शंख आणि पोवळी उचलू नका, बंदी आहे आणि विमानतळावर बॅगा तपासतात. आणि बजेट ठरवताना आकडा ग्रुपमध्ये जाहीर करू नका, एकेकाला बाजूला घेऊन विचारा. हे शेवटचं एक्सेलचं म्हणणं आहे, माझं नाही.

बारक्याला २०२० च्या फेब्रुवारीत नोकरी लागली, मग लॉकडाऊन, मग पगारकपात. २०२१ मध्ये एका रात्री एक्सेलच्या खात्यात तीन हजार दोनशे चाळीस रुपये आले. रिमार्कमध्ये लिहिलं होतं, 'नील, कोल्ड्रिंकसकट'. एक्सेलने शीट उघडली आणि सेल हिरवा केला.

आजींचा स्टीलचा डबा मात्र अजून बारक्याकडेच आहे. जेट्टीवरच्या गडबडीत त्याच्या सॅकमध्ये राहिला. झाकणावर नाव कोरलंय, पत्ताही आमच्याकडे आहे, आणि सांगलीला जायचं तेव्हापासून ठरतंय. अडलंय एवढ्यावरच, की डबा रिकामा देत नाहीत, आणि बेसनाचे लाडू चौघांपैकी एकालाही जमत नाहीत.